गाडीचा एसी आवाज करतो तेव्हा

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या एसीवाल्या गॅरेजांपुढे गाड्या लागायला सुरुवात होते. काही गाड्या थंड करत नाहीत म्हणून आलेल्या, काही आवाज करतात म्हणून. "भाऊ, एसी लावा का गाडी आवाज करस," एवढं सांगून मालक चहा प्यायला जातो आणि घोळ तिथेच सुरू होतो. या तक्रारीवर पुष्कळ ठिकाणी एक उत्तर तयार असतं: गॅस भरून टाकू. गॅस भरल्यावर दोन दिवस थंडावा वाढल्यासारखा वाटतो, आवाज जिथल्या तिथे राहतो, आणि पुढच्या खेपेला थेट कॉम्प्रेसर बदलायची गोष्ट निघते.

आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो केव्हा येतो हे बघावं, असं माझं मत आहे. बॉनेटखाली सगळं सामान एकमेकांना खेटून बसलेलं असतं. तिथे नुसता कान देऊन जागा शोधायला गेलं तर जुनाजाणता मेकॅनिकही फसतो. काय चालू केलं तेव्हा आवाज सुरू झाला आणि काय बंद केलं तेव्हा थांबला, हे मात्र कोणालाही सांगता येतं. रोज गाडी चालवणाऱ्याला ते मेकॅनिकपेक्षा जास्त नेमकं सांगता येतं.

एसीत हलतं काय काय

माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जाते. गाडीच्या एसीत तेच घडतं. फरक इतकाच की पाण्याच्या जागी बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो, आणि तो उडून न जाता बंद नळ्यांमधून फिरत राहतो. मोकळ्या हवेत हा गॅस उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते तिच्यात दाब साधारण ३० पीएसआय ठेवलेला असतो. त्या दाबाला तो एक-दोन अंशांना उकळतो आणि कॉइल गार पडते. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो, ती आपल्या तोंडावर येते. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबलेला गॅस तापतो, रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये जाऊन बाहेरच्या हवेला उष्णता देतो, पुन्हा द्रव होतो, ड्रायरमधून गाळला जातो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून परत कॉइलमध्ये शिरतो.

यात हलणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत. इंजिनाच्या बाजूला पट्टा, त्याला ताण देणारा टेन्शनर, कॉम्प्रेसरची पुली, तिच्यापुढचा चुंबकाचा क्लच, कॉम्प्रेसरचा आतला भाग आणि कंडेन्सरचा पंखा. डॅशबोर्डच्या बाजूला ब्लोअर आणि हवेची वाट बदलणाऱ्या झडपा. याशिवाय वाहणारा गॅस स्वतः थोडाफार आवाज करतो. एवढ्यातलंच काहीतरी ओरडत असतं.

घरच्या घरी तीन पायऱ्या

गाडी सावलीत, शांत जागी लावा. खिडक्या बंद, गाण्यांचा आवाज बंद.

आधी इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून ब्लोअर लावा. एकवर, मग दोनवर, तीनवर, चारवर. आवाज इथेच आला आणि ब्लोअरच्या वेगाबरोबर वाढत गेला, तर गॅस, कॉम्प्रेसर, पट्टा यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तो ब्लोअरचा आवाज आहे आणि हे दुखणं बहुधा सगळ्यात स्वस्तात सुटतं.

मग ब्लोअर बंद करून इंजिन चालू करा, एसीचं बटण बंदच ठेवा. बॉनेट उघडून ऐका, कोणाला तरी अॅक्सिलरेटर हलका दाबायला सांगा. घरघर आत्ताच ऐकू येत असेल तर ती एसी लावल्यामुळे येत नाही. तरीही एसीचा एक भाग इथे संशयित असतो: कॉम्प्रेसरची पुली. क्लचवाल्या गाड्यांत एसी बंद असला तरी पुली इंजिनाबरोबर फिरतच असते, आणि तिच्या पोटातलं बेअरिंग वाजायला लागलं की एसी बंद असतानाही वाजतं. त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर, पाण्याचा पंप, आयडलर पुली असेल तर त्यांनाही संशयातून सोडायचं नाही.

शेवटी ब्लोअर एकवर ठेवून एसीचं बटण दाबा. 'टक' असा आवाज येईल, तो क्लच लागल्याचा. त्यानंतर जो नवा आवाज सुरू होईल आणि बटण बंद करताच थांबेल तो कॉम्प्रेसरचा, त्याच्या माउंटिंगचा, पाइपांचा, नाहीतर कंडेन्सरच्या पंख्याचा. पट्टा याच क्षणी चीं करून थांबला तर तेही लक्षात ठेवा.

हे तिन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर आवाज हमखास गायब होतो, विशेषतः तो फक्त दुपारच्या तापलेल्या गाडीत येणारा असेल तर.

एक काळजी घ्यायचीच. उन्हाळ्यात आपल्याकडे गळ्यात रुमाल किंवा गमछा असतो. चालू इंजिनावर वाकताना तो काढून ठेवा. ओढणी, सैल बाही, हातातला दोरा यांचंही तेच. आणि कंडेन्सरचा पंखा थांबलेला दिसला म्हणून त्यात बोट घालू नका. तो आपणहून सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा.

ब्लोअर आणि निंबाची पानं

खान्देशात सावली म्हटलं की निंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानगळ होते आणि आपण नेमकी त्याच्याखाली गाडी लावतो. वाळलेली बारीक पानं पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून आत जातात. बाहेरची हवा घेण्याची झडप उघडी असेल तर ती ब्लोअरच्या तोंडापर्यंत पोहोचतात. केबिन फिल्टर असेल तर तिथे अडकतात. कित्येक जुन्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये मात्र फिल्टरची जागा नुसती रिकामी असते. मग एखादा काटकीसारखा देठ पंख्याच्या पात्यांमध्ये बसतो आणि फर्रर्र सुरू होतं.

बहुतेक गाड्यांत डावीकडचा ग्लव्हबॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली लोंबतो. मागे फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर हळूच, आडवा धरून बाहेर काढा, नाहीतर त्याच्यावरचा कचरा थेट ब्लोअरमध्ये पडतो. मे महिन्यात काढलेला फिल्टर बघितला तर खाली राखाडी धूळ, वर पानांचा चुरा आणि घड्यांमध्ये कापसाचे तंतू अडकलेले दिसतात. ब्लोअरची मोटार त्याच्या खाली असते, ती बहुतेक वेळा तीन स्क्रूंवर सुटते. पंख्याच्या पिंजऱ्यातला कचरा काढला की आवाज तिथल्या तिथे थांबतो. कधीकधी उंदराने आणलेल्या चिंध्या आणि शेंगांची टरफलंही निघतात.

कचरा नाही आणि तरी वळणावर किंवा खड्ड्यात कुईकुई येते, तर मोटारचं बुश कोरडं झालेलं असतं. तेल सोडून काही दिवस निघतात, पण शेवटी मोटार बदलावी लागते. फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर थरथर होत असेल तर पिंजऱ्याचं एखादं पातं तुटलेलं आहे का बघा.

झडपांचा आवाज वेगळा असतो. गाडी सुरू करताच किंवा हवेची दिशा बदलताच डॅशबोर्डच्या आत दहा-वीस सेकंद टकटकटक होतं आणि थांबतं. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटारीच्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दात झिजलेले असतात. गाडीला धोका काही नाही, फक्त गरम-गार हवेची मिसळ बिघडते.

पट्ट्याची किंचाळी आणि आपल्याकडचं ऊन

एसी लावताच चीं, मग शांत. सिग्नलवर थांबून निघताना पुन्हा चीं. हा पट्टा घसरण्याचा आवाज. पट्टा सैल आहे किंवा गुळगुळीत झालाय, हे पहिलं कारण. दुसरं कारण लोक विसरतात: पट्टा ठीक आहे, पण त्याला ओढावं लागणारं ओझंच वाढलंय.

हे ओझं कुठून येतं ते समजून घेण्यासारखं आहे. कंडेन्सरमधल्या गॅसला बाहेरच्या हवेला उष्णता द्यायची असेल तर तो त्या हवेपेक्षा जास्त गरम असायला हवा. बाहेर ३० अंश असतील तर काम सोपं. भुसावळला मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, आणि डांबरी रस्त्यालगतची हवा त्याहून तापलेली. अशा वेळी गॅसला ६० अंशांच्या वर जावं लागतं. आर-१३४एच्या बाबतीत ६० अंश म्हणजे साधारण २३० पीएसआय, आणि ७० अंश म्हणजे २९० च्या पुढे. एरवी दोनशे-सव्वादोनशेवर चालणारा हाय साइडचा, म्हणजे कंडेन्सरकडच्या बाजूचा, दाब आपल्याकडे अडीचशे-तीनशेला टेकतो. तेवढा दाब तयार करायला कॉम्प्रेसरला जास्त जोर लागतो आणि तो जोर पट्ट्यातूनच येतो. पुण्यात गप्प बसलेला पट्टा धरणगावात ओरडतो, त्याचं कारण हे.

त्यात कंडेन्सर घाणीने भरलेला असेल तर बघायलाच नको. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या उघड्या गाड्यांमागून तुम्ही चालला असाल, तर उडणारे तंतू कुठे जातात? पुढच्या जाळीतून कंडेन्सरच्या पत्र्यांवर. त्यावर रस्त्याची धूळ, किडे आणि पहिल्या पावसाचा चिखल बसला की चटई तयार होते. सगळ्यात वाईट थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो, तो पुढून दिसतही नाही. टॉर्च घेऊन वरून बघावं लागतं.

धुताना साध्या पाइपचं पाणी, जमलं तर आतून बाहेरच्या दिशेने. सर्व्हिस सेंटरवरच्या जोराच्या फवाऱ्याने अॅल्युमिनियमचे बारीक पत्रे आडवे होतात आणि हवा जायची वाट कायमची बंद पडते. इंजिन थंड असताना धुवा. धुतल्यावर एसी लावून पंखा फिरतोय ना ते बघा. पंखा अडकत फिरत असेल, पातं आवरणाला घासत असेल, तर समोरून खरखर येते. पंखा फिरतच नसेल तर आवाज करणारा पट्टा असला तरी गुन्हेगार पंखा असतो.

पट्ट्याची परीक्षा मेकॅनिक पाण्याने करतात. चालू इंजिनावर, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारायचं. आवाज एकदम वाढला तर पट्ट्याला ताण कमी आहे. आवाज क्षणभर गेला आणि पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. कोणाचं तरी बेअरिंग खिळखिळं झालंय किंवा काहीतरी वाकडं बसवलंय. नव्या प्रकारच्या रबराच्या पट्ट्यांना भेगा पडत नाहीत, त्यांच्या खाचा झिजून खोल होतात. त्यामुळे भेगा नाहीत म्हणजे पट्टा चांगला, हा हिशेब आता चालत नाही. पट्ट्याला साबण चोळणं किंवा चिकट स्प्रे मारणं हे मला अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या धुळीत तो स्प्रे आठवडाभरात पॉलिश पेपरचं काम करायला लागतो.

क्लच आणि पुली

क्लच म्हणजे पुलीच्या तोंडाशी असलेली लोखंडी चकती. वीज मिळाली की चुंबक तिला ओढून पुलीला चिकटवतो आणि कॉम्प्रेसरचा दांडा फिरायला लागतो. चकती आणि पुली यांच्यामधली फट साधारण अर्धा मिलिमीटर असते. वर्षानुवर्षं चिकटून-सुटून चकती झिजते, फट वाढते.

मग एक चमत्कारिक तक्रार सुरू होते. सकाळी पारोळ्याहून निघालं की एसी झकास. दुपारी दीड वाजता धुळ्याच्या बाजारात गाडी तासभर रेंगाळली की क्लच लागायचा बंद, किंवा लागताना घासल्यासारखा खर्रर्र आवाज. संध्याकाळी पुन्हा सगळं ठीक. तापल्यावर चुंबकाच्या तारेचा विरोध वाढतो, प्रवाह कमी होतो आणि दुबळा झालेला चुंबक वाढलेल्या फटीपलीकडून चकतीला ओढू शकत नाही. मेकॅनिकने फिलर गेज घालून फट मोजली आणि चकतीमागची एखादी पातळ शिम काढली की बऱ्याच गाड्यांत काम होतं. चकती जळून निळसर काळी पडली असेल तर मात्र क्लचचा सेटच बदलावा लागतो. त्याआधी बॅटरीचा व्होल्टेज, रिले आणि अर्थिंगची तार तपासून घ्या. चुंबकाला वीजच कमी मिळत असेल तरी लक्षणं अगदी हीच दिसतात.

पुलीचं बेअरिंग ओळखायला पट्टा उतरवावा लागतो. पुली हाताने फिरवली तर ती गुळगुळीत आणि निःशब्द फिरायला हवी. बोटांना वाळू दळल्यासारखं लागलं, किंवा पुली पुढे-मागे डुगडुगली, तर बेअरिंग गेलं. ते स्वतंत्र मिळतं, सर्क्लिप काढून पुलर लावून बदलता येतं, आणि अनेकदा कॉम्प्रेसरला गाडीतून उतरवायचीही गरज पडत नाही. गॅस काढावा लागत नाही. तरीही याच दुखण्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. 'आतून गेलाय' असं कोणी म्हणालं तर पट्टा उतरवून पुली माझ्यासमोर हाताने फिरवून दाखवा, एवढं सांगायला लाजू नये.

अगदी नव्या बऱ्याच गाड्यांत हा क्लच नसतोच. कॉम्प्रेसर कायम फिरत राहतो आणि आतल्या व्हॉल्व्हने आपलं काम कमी-जास्त करतो. अशा गाडीत 'टक' ऐकू येत नाही म्हणून बिघाड समजू नका.

खरंच कॉम्प्रेसर वाजतोय का

एसी लावल्याबरोबर ठकठक किंवा जाड घरघर, इंजिनाचा वेग वाढवला की ती वाढते, एसी बंद करताच गप्प. आता कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला हरकत नाही. पण त्याआधी तीन फुकटच्या गोष्टी.

माउंटिंगचे बोल्ट ढिले आहेत का? पाइप कुठे बॉडीला लागतोय का? आणि इंजिनाचं माउंटिंग दबून खाली बसलंय का? एसी लावला की उभ्या गाडीत इंजिनावर ओझं येतं. माउंटिंगचं रबर मेलेलं असेल तर सगळी गाडी थरथरते आणि नाव एसीचं होतं. पाचोऱ्याकडच्या एका ओळखीच्या काकांना एका गॅरेजात कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलं होतं. उभ्या गाडीत खडखड, चालत्या गाडीत काही नाही. बॉनेट उघडून कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड, गार पाइप हाताने जरा उचलून धरला, तर खडखड थांबली. सोडला की सुरू. त्याच्या पट्टीतलं रबर गळून पडलेलं होतं आणि उघडा अॅल्युमिनियम पत्र्यावर आपटत होता. "आरे, एवढंच?" काका म्हणाले. जुन्या ट्यूबचा तुकडा घालून पट्टी आवळली. तसाच ठेवला असता तर तो पाइप घासून घासून भोक पडलं असतं आणि सगळा गॅस गेला असता, हा भाग वेगळा. बारका पाइप असा धरू नका, तो चटका देतो.

हे सगळं ठीक असूनही ठकठक असेल तर खरा प्रश्न तेलाचा. कॉम्प्रेसरला इंजिनासारखी तेलाची वेगळी टाकी नसते. त्याचं तेल गॅसबरोबरच सगळ्या नळ्यांतून फिरतं आणि परत येतं. गळती झाली की गॅसबरोबर तेलही जातं; म्हणूनच गळतीच्या जागी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. गळती न काढता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरत राहिलं तर तेल दर वर्षी थोडं थोडं कमी होत जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर कोरडा चालायला लागतो, आधी घरघरतो, मग ठोकतो, मग जाम होतो.

जाम होताना तो आपल्या आतल्या धातूचा चुरा नळ्यांमध्ये सोडतो. पाइप उघडल्यावर तेल काळं आणि चमचमतं निघतं. अशा वेळी नुसता कॉम्प्रेसर बदलला तर तोच चुरा नव्याच्या पोटात जातो आणि दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचे, नळ्या आणि कॉइल धुवायची. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्यातला चुरा धुऊन निघत नाही, कंडेन्सरही बदलणं शहाणपणाचं. बिल मोठं येतं, पण अर्धं काम करून घेतलं तर तेच बिल दोनदा येतं.

गॅसचे आवाज

इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमधून काही सेकंद सूंऽऽ येतं. दोन बाजूंचा दाब सारखा होतोय, काही झालेलं नाही. एसी चालू असताना सतत फुसफुस, त्याबरोबर थंडावा कमी आणि क्लचचं दर थोड्या सेकंदांनी टक-टक: गॅस कमी झालाय. द्रवाऐवजी द्रव आणि वाफ यांची खिचडी व्हॉल्व्हमधून जाते तिचा तो आवाज. दाब पडला की स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, दाब चढला की चालू करतो.

म्हणजे इथे तरी गॅस भरायचा ना? हो, पण गेला कुठे ते शोधल्यावर. हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, तेवढं सोडलं तर कमी झाला म्हणजे गळाला. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावणं किंवा रंग टाकून निळ्या दिव्याखाली बघणं, दोन्ही चालतं. गळती आपोआप बुजवणारं रसायन घालू देऊ नका. ते व्हॉल्व्हचं भोकही बुजवतं.

गॅस जास्त झाला तरी आवाज येतो, हे कमी लोकांना माहीत असतं. छोट्या गाडीत सगळा मिळून साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस असतो. अंदाजाने शंभर ग्रॅम जास्त गेला म्हणजे पाव हिस्सा जास्त. दाब चढतो, पट्टा किंचाळतो, कॉम्प्रेसर ठोकतो, थंडावा उलट कमी होतो. मेच्या दुपारी दाब मुळातच चढलेला असतो, तेव्हा नुसता काटा बघून भरणं म्हणजे ठोकताळा. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. उरलेला गॅस मशीनने काढून घेऊन, निदान अर्धा तास नळ्यांतली हवा ओढून (व्हॅक्यूम करून), व्हॅक्यूम टिकतोय ना ते बघून, मग वजनावर भरणारं गॅरेज शोधा. उरलेला गॅस हवेत सोडून देणारं टाळा. आर-१३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ताकदीचा आहे. आणि स्वस्तात मिळतो म्हणून पेट घेणारा बदली गॅस भरून घेऊ नका. कूलिंग कॉइल आपल्या पायांच्या पुढ्यातच असते, तिथे गळला तर तो थेट केबिनमध्ये येतो.

डॅशबोर्डमध्ये वळणावर खळखळ होत असेल तर गॅस नाही, पाणी आहे. कॉइलवर साचलेलं पाणी बाहेर टाकणारी नळी धुळीच्या चिखलाने तुंबलेली असते. डावीकडच्या पायपुसण्याखाली हात घाला, ओल लागेल. गाडीखालून नळीत हलकी हवा मारली की धार सुटते. एक मात्र लक्षात असू द्या: एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की गाडीखाली पाणी फारच कमी टपकतं, कधी टपकतही नाही. ते बिघाडाचं लक्षण नाही. जुलैतही टपकलं नाही तर बघायला लागा.

काही आवाजांकडे बिनधास्त दुर्लक्ष करा. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलं की ब्लोअर मोठा वाटतो, कारण तो आता केबिनमधूनच हवा ओढतो. कन्नडचा घाट चढताना पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की टक होऊन गार हवा क्षणभर कमी होते. इंजिनाला जोर मिळावा म्हणून संगणकानेच कॉम्प्रेसर सोडलेला असतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं कोंबून निघालात आणि कंडेन्सरचा पंखा सारखा गरजत राहिला, तर तो आपलं काम करतोय.

इलेक्ट्रिक गाडीत पट्टा, पुली, क्लच यातलं काहीच नसतं. कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटारीवर चालतो आणि इंजिनाचा गोंगाट नसल्यामुळे त्याची साधी गुणगुणसुद्धा ऐकू येते. चार्जिंगला लावलेल्या गाडीत तो आपणहून सुरू होतो, बॅटरी गार ठेवायला. त्या गाडीचं तेल वेगळ्या जातीचं असतं आणि वीज शेकडो व्होल्टची, तेव्हा नाक्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका.

थंडीत एसी तीन महिने बंद ठेवण्याची आपली सवयही आवाजाला कारण होते. कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील कोरडं पडतं आणि गॅस तिथूनच निघतो. डिसेंबरातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, सोबत हीटर लावला तरी चालेल. आणि कापसाचा हंगाम सरला की मार्चमध्येच कंडेन्सर धुवून, पट्टा बघून घ्या. एप्रिलमध्ये एसीवाला फोन उचलत नाही.